हात वर झाला की

उस्ताद, अमरावतीच्या त्या पहिल्या कार्यक्रमात मी मध्येच वाजवायचा थांबलो होतो, त्याबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तेव्हा घाई अशी काही नाही. सावकाश सांगतो. माझी घाई तुम्हाला कधीच आवडली नाही.

तुमच्या अकोल्याच्या बँडमध्ये आलो तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात दोनदा आपटलो होतो, आणि साइड ड्रम ही जोरात बडवायची वस्तू आहे अशी माझी ठाम समजूत होती. तालीम तुमच्या स्वयंपाकघरात व्हायची, कारण पुढच्या खोलीत बँडचे लाल कोट वाळत टाकलेले असायचे. चाची चहा करताहेत, तुम्ही क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरून भिजवताय. माझा एक ठोका जादा पडला की पत्ती तोंडातून काढून तुम्ही विचारता, "काहून?" मी म्हणतो, "असंच, उस्ताद." "असंच तं टिनावर गारा बी वाजतेत. तू काहून वाजवला ते सांग." मला सांगता यायचं नाही. चाची हसायच्या आणि माझ्या कपात चमचाभर साखर जास्त टाकायच्या.

एक दिवस मात्र माझी चूक तुम्ही हसण्यावारी नेली नाहीत. अंजनगाव सुर्जीच्या अलीकडच्या एका गावात आपली वरात होती. वाटेत दुःखाचं घर आलं की तुम्ही क्लॅरिनेट खाली घेऊन हात वर करायचात आणि अख्खा बाजा जागच्या जागी बंद व्हायचा. ते घर मागं पडेपर्यंत फक्त पावलं वाजायची. त्या वर्षांत शेतकरी कर्जापायी जीव देत होते, जवळपास प्रत्येक गावात असं एखादं दार असायचंच. त्या दिवशी नवरदेवाचे दोस्त नाचत होते, मलाही चेव चढला होता, आणि तुमचा हात वर झाल्यावरही माझे दोन ठोके पडले. वरात पोचल्यावर तुम्ही माझ्या गळ्यातला ड्रम काढून घेतलात. "मांगं जाय. त्या घरी माफी मागून ये." मी लाल कोटातच उन्हात परत गेलो. दारातल्या बाईंसमोर हात जोडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि पाण्याचा गिलास आणून दिला. तेव्हापासून तुमचा हात दिसला की माझे हात मला न विचारताच थांबू लागले.

मग हळूहळू वराती आटल्या. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, लग्नं देवळात चार माणसांत उरकू लागली, उरलीसुरली डीजेवाल्यांनी नेली. मी रिकामा बसून होतो, तेव्हा आम्ही चौघं एकत्र आलो. चर्चमध्ये गिटार वाजवणारा अमरावतीचा एक, नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात पाळी संपवून बेस वाजवायला येणारा दुसरा, ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी गाऊन कंटाळलेली अकोल्याची गायिका आणि मी. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात सराव करायचो. ड्रमवर ठोका पडला की सरकी उडायची. मी चुकलो की स्वतःशीच "काहून?" पुटपुटायचो. ते ऐकून गायिका म्हणाली, "हेच नाव ठेवू बँडचं." तेच ठेवलं.

मग तुम्हाला सांगायला आलो. तुम्ही विचारलंत, "रॉक मंजे काय असते बे?" मी म्हणालो, "त्याच्यात लय जोरात वाजवतेत, उस्ताद." "ते तं तुले पयलेपासूनच येते." मग आतून तुमच्या ड्रमच्या शिसवी काड्या आणून माझ्या हातात ठेवल्यात. "जाय. पन तिथं हात वर करणारा कोनी नसीन. तूच पाहून वाजवजो."

तुमचं एवढं एकच भाकीत खोटं ठरलं. अमरावतीला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, आमच्या पहिल्याच कार्यक्रमात, भर दुपारी आम्ही मंचावर चढलो. दुसरं गाणं रंगात आलं आणि अख्ख्या मांडवानं हात वर केले. पोरं खूश झाली होती, एवढंच. पण मला एकदम इतके हात दिसले आणि माझ्या काड्या हवेतच थांबल्या. मी थांबलो म्हणून बेस थांबला, मग गिटार. मांडव चिडीचूप. त्या शांततेत गायिकेनं एकटीनं पुढची ओळ उचलली, आणि आम्ही परत शिरलो तेव्हा मांडव डोक्यावर घेतला होता लोकांनी. ती जागा आम्ही गाण्यात कायमची ठेवली. ऐकणारे अजून तिथं श्वास धरतात.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. तुम्ही विचारलंत, "थांबला काहून?" आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे झटकन उत्तर होतं. "तुमच्यासाठी, उस्ताद. तुमची याद म्हनून." तुम्ही हातातलं क्लॅरिनेट पुसून बाजूला ठेवलंत. मग चाचींना हाक मारून सांगितलंत, चहावाल्याला सांगितलंत, मशिदीतून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलंत, "माह्या पोट्ट्यानं माह्यासाठी बाजा थांबवला." त्यानंतर खरं सांगायला तोंड कुठं राहिलं? त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आमचं बरं चाललं आहे. बेसवाल्याचे केस गेले, गायिकेची मुलगी आता आमच्या चुका काढते, आणि आम्ही चौघं अजून एकत्र वाजवतो. याहून जास्त मी काही मागितलंही नव्हतं. हे पत्र घडी करून काड्यांच्या पिशवीत ठेवणार आहे, तुमच्या काड्यांपाशी. मी तेव्हा तुमच्यासाठी थांबलो नव्हतो, उस्ताद. घाबरलो होतो. वाटलं, पुन्हा कोणाच्या तरी दुःखाच्या दारासमोर वाजवतो आहे. आणि आता खोटं बोलत नाही, आजही हात वर झाले की आधी भीतीच वाटते. तुम्ही आठवता ते त्यानंतर.