कागदावर पाय

प्रिय अन्वी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू जर्मनमध्ये उत्तरं देतेस, मी मराठीत चिडतो, मग आई मधे पडते आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसलो. आजोबांनी तुला बाराखडी शिकवली, तिचा आज उपयोग होऊ दे. एखादं अक्षर अडलं तर त्यांनाच विचार. मला फोन केलास तर मी परत बापासारखा बोलायला लागेन.

आल्झो, म्हणजे आपलं ‘तर’, अण्णांना म्युनिक दाखवून आणलं. माझा बेत मोटारींच्या म्युझियमचा होता, तिकिटंसुद्धा काढली होती. पण अण्णांनी हट्टच धरला, अनूने सांगितलेली ती पोरांची जागा आधी. तू त्यांना कधी सांगितलंस कोण जाणे! तुम्हा आजोबा-नातीचं माझ्या पाठीमागे बरंच काही चालतं. हिटलरच्या विरुद्ध पत्रकं वाटणारे विद्यार्थी, त्यातल्या भावा-बहिणीला विद्यापीठातच पकडलं आणि लगेच मारून टाकलं, हे त्यांना पाठ होतं. मी इतकी वर्षं या देशात काढली, मला फक्त त्या गटाचं नाव माहीत. पांढरा गुलाब. बाकी कधी बघावंसं वाटलं नाही.

विद्यापीठाच्या दारासमोर फरसबंदीतच ती पत्रकं बसवली आहेत, आत्ताच कुणाच्या हातून खाली पडल्यासारखी. पोरं त्यांच्यावरून सरळ चालत जातात. अण्णा मात्र थबकले. त्यांचा बूट एकावर पडला होता. तुला माहीतच आहे, लहानपणी तुझा पाय वहीला लागला की ते तुला नमस्कार करायला लावायचे, आणि तू किंडरगार्टनमध्येही ते करायचीस म्हणून तुझ्या बाई आम्हाला विचारायला आल्या होत्या. तर अण्णा तिथेच वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. भर चौकात! मी म्हटलं, अण्णा, अहो हा दगड आहे, चालण्यासाठीच बसवलाय. ते म्हणाले, दगड असेल, पण वर लिहिलंय ना? कागदावर पाय द्यायचा नाही. आणि त्यांनी खाली हात लावून कपाळाला लावला. एकदा नाही, दिसेल त्या प्रत्येक पत्रकाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक बघत होते. अण्णा, उठा, लोक बघतायत, असं मी दातओठ खात म्हटलं आणि त्यांचा दंड धरून ओढलं. त्यांचा तोल गेला, ते मटकन खाली बसले. तुझ्याच वयाची एक मुलगी सायकल टाकून धावत आली, काय झालं विचारायला लागली. आणि अनू, तुझ्या बापाने अगदी शुद्ध जर्मनमध्ये सांगितलं की काही नाही, म्हातारा माणूस आहे, डोकं जरा ठिकाणावर नसतं. अण्णांनी विचारलं, काय म्हणालास रे तिला? मी म्हटलं, थँक्यू म्हटलं. ते तिच्याकडे बघून छान हसले. लाज वाटते गं. लिहितानाही वाटते आहे.

मग आत गेलो. वर काचेचं छप्पर असलेला तो मोठा चौक, त्याच्या वरच्या मजल्यावरून पत्रकांचा गठ्ठा खाली ढकलला होता. मी प्रदर्शनातल्या पाट्या वाचून अण्णांना मराठीत सांगत होतो. त्या दोघांना पकडणारा कुणी गेस्टापोवाला नव्हता. विद्यापीठाचा हाउसमाइस्टर होता, इमारतीची देखभाल करणारा. तो हिटलरच्या पार्टीचाही माणूस होता म्हणे, पण मला आपलं एवढंच दिसत राहिलं की इमारतीत कागद टाकायचे नसतात आणि त्याने आपलं काम केलं. इथे माझी जीभ अडखळली. कारण हे वाक्य माझंच होतं, गेल्या महिन्यात मी तुला फोनवर तेच ऐकवलं होतं. मी माझं काम करतो, मी फक्त कॅमेऱ्याची पेटी बनवतो, आत काय दिसतं ते माझं खातं नाही.

तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या भावाला तिकडे तिच्या देशात मोर्च्यातल्या गर्दीत कॅमेऱ्याने ओळखलं आणि पोलिसांनी घरातून उचलून नेलं. तो कॅमेरा आमच्या कंपनीचा. तिकडे माल जातो हे तुला कुठून कळलं? माझ्याकडूनच. जेवताना मीच फुशारकी मारली होती ना, कितीही धूळ उडू दे, माझ्या पेटीत कण जाणार नाही म्हणून! तू ते चौकात वाटायच्या तुझ्या पत्रकात घातलंस आणि छापण्याआधी मला दाखवलंस. मी काय केलं? नोकरी, घराचे हप्ते, आईची तब्येत, सगळं एका दमात ऐकवलं. आपण नाकासमोर चालणारी माणसं, आपल्याला कशाला नसत्या उठाठेवी, असं म्हटलं आणि कंपनीचं नाव काढायला लावलं. मला वाटलं तू भांडशील. पण कधी नव्हे ती तू मराठीत बोललीस. बरं, बाबा. एवढंच. त्यानंतर तू घरी आलेली नाहीस.

विद्यापीठातल्या त्या चौकात बाकावर बसून अण्णांनी मला तुझं पत्रक वाचून दाखवायला सांगितलं. मोबाइलवर होतंच. एकेक ओळ मराठीत करत गेलो. एका जर्मन कंपनीने, या शब्दांपाशी आलो तर अण्णा म्हणाले, कुठल्या? नाव का नाही लिहिलं पोरीने? इतकं चांगलं लिहिते, आणि नेमकं इथे घाबरली होय? तुला भित्री म्हणाले गं ते, माझ्यामुळे. ते मला ऐकवेना. मी सगळं सांगितलं, कंपनी कुठली, नाव कुणी काढायला लावलं, आणि बाहेर त्या मुलीला मी खरं काय बोललो तेही. अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, मला काय सांगतोस, अनूला कळव.

म्हणून हे पत्र. शनिवारी तुम्ही पोरं तुमच्या हायडेलबर्गच्या चौकात पुन्हा पत्रकं वाटणार आहात, असं आई म्हणाली. त्यात नाव घाल, अनू. पूर्ण घाल, शेवटचं गेएमबेहा, म्हणजे आपल्याकडचं ‘लिमिटेड’, तेसुद्धा, नाहीतर दुसऱ्याच कुणावर आळ यायचा. नोकरीचं काय होईल मला माहीत नाही, भीती वाटते, खोटं कशाला बोलू. आईला सांगितलंय, ती रडली, मग म्हणाली तिकीट माझंही काढा. आम्ही तिघं येतोय. मला वाटायला थोडी पत्रकं दे. जर्मन माणसं घेतील आणि दोन पावलांवर टाकून देतील, तर टाकू देत. पायाखाली आलेलं प्रत्येक मी उचलीन आणि अण्णांसारखं कपाळाला लावीन. लोक बघतील. बघू देत.

तुझाच,
बाबा