यादीत बाबा जिवंत आहेत

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मंगळवारी मला कळलं, की करोनाच्या वर्षी सरकारनं तुम्हाला शेतकरी म्हणून मदत दिली. पटवाऱ्यानं जुनी यादी माझ्याकडे फिरवली. तुमचं पूर्ण नाव आणि पुढे ‘स्वयं काश्तकार’, म्हणजे स्वतः जमीन कसणारे. तुम्ही! इंदरगंजच्या ऑफिसातून आल्यावर तुळशीची कुंडी हलवायलाही आईला हाक मारणारे! मला हसू आलं, मग मी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. तीस वर्षं आपली गावाकडची जमीन बटाईनं कसणाऱ्या, अर्धं पीक आपल्याला देणाऱ्या कक्कांचं नाव यादीत कुठेच नव्हतं. “आप लोगों ने ही तो नाम नहीं कटवाया, मैडम,” पटवारी म्हणाला. “कागज में जो है, वही किसान. पैसा खाते में गया था, देखा नहीं?”

नव्हतं पाहिलं. तुमच्या तेराव्याला आई म्हणाली होती, “यांचं नाव नका हं कटवू, राहू दे,” आणि आम्ही भावंडांनी ते व्रतासारखं पाळलं. दालबाजारातल्या बँकेत तुमचं-माझं जोडखातं आहे, तिथेही काही कळवलं नाही. परवा पासबुक छापून घेतलं. पैसे आले होते आणि तिथून आपोआप कापल्या जाणाऱ्या आमच्या विजेच्या बिलांत केव्हाच गेलेही होते. काउंटरपाशी मी ती एकच ओळ इतक्यांदा वाचली की मागच्या बाईंनी मला बाजूला व्हायला सांगितलं. लॉकडाऊनमध्ये कक्कांचा फोन आला होता ना! मी गच्चीवर कपडे वाळत घालतेय, ते म्हणतायत, “बिन्नू, सूची में हमाओ नाम नईं है.” मी म्हटलं, “सरकारी काम है कक्का, आ जाएगा.” त्यांनी पुन्हा फोन केला नाही. त्या वर्षी त्यांनी म्हैस विकली. म्हातारी झाली असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

एकदा मी त्यांना कान तुटलेल्या कपात चहा दिला होता. नववीत होते मी. तुम्ही स्वयंपाकघरात आलात, तो कप स्वतः घेतलात, तुमचा त्यांना दिलात, आणि ते गेल्यावर मला एवढंच म्हणालात, “आज पोळी खाताना आठव कोणाचे गहू आहेत ते.” मी रडले होते. तुमचा राग आला होता, खरं सांगते.

पटवाऱ्याकडून तशीच कक्कांकडे गेले. खाटेवर बसून ते लसूण सोलत होते. मी विचारलं, पैसे बाबांच्या नावावर आले हे तुम्हाला माहीत होतं? “हओ, पता तो हतो,” ते शांतपणे म्हणाले. “पर बाबूजी को नाम कटवे की हम कैसे कहते? तुम्हें बुरो लगतो, बिन्नू.” ऐकलंत, बाबा? आपल्याला वाईट वाटू नये म्हणून या माणसानं दारातली म्हैस विकली!

काल तुमचं नाव काढायचा अर्ज दिला. आता जमीन आमच्या नावावर होईल. बटाईचा लेखी करारही केला, म्हणजे पुढे पीक बुडालं तर भरपाई कक्कांना मिळेल. त्यांना अंगठा द्यायचा नव्हता, सही करायची होती. बराच वेळ लागला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बिलकुल बाबूजी पे गई हो.” सगळ्यांसमोर म्हणाले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. करार करण्याआधी मी एकटीच वकिलाकडे गेले होते. कक्कांचं नाव कागदावर आलं तर उद्या ते जमिनीवर हक्क सांगतील का, असं विचारलं. तो ‘नाही’ म्हणाला, तेव्हाच मी सही केली.