कोचच्या विम्यात माझं नाव

३ मार्च
खालचा हॉल बॉक्सिंगच्या क्लासला भाड्याने दिला. कोच आडदांड, पण बोलायला मऊ. ही म्हणाली, मारामारीचा धंदा आपल्या घरात कशाला? मी हसलो. करारातच घातलंय, कोचच्या लायबिलिटी पॉलिसीत मालक म्हणून माझंही नाव, ‘अॅडिशनल इन्शुअर्ड’. कुणाला लागलं आणि लोक भरपाईसाठी माझ्यावर उलटले तर विमा कंपनी निस्तरेल. आता कुणीही कुणाला बडवा.

९ मार्च
नाव चढलं. हिचा भाऊ विमा एजंट. म्हणाला, भाऊजी, हे फक्त कोचच्या धंद्यातल्या भानगडींपुरतं. जिना तुमच्या ताब्यात, तो यात नाही. मेव्हण्याला माझं चांगलं कधी बघवतच नाही.

२२ मार्च
पहिलं रक्त. क्लासमधले दोघे रिंगबाहेरही थांबेनात. एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचा दात माझ्या दारापर्यंत उडाला. मी शांत. कोच म्हणाला, जिन्याचा कठडा हलतोय, तेवढं बघा. म्हटलं, उद्याच वेल्डर.

५ एप्रिल
वेल्डर राहिला. माझी पाठ धरली होती. शिवाय विमा कशासाठी असतो?

१४ एप्रिल, दुपार
जिन्यात जुंपली. एकाने क्लासमधल्या हेवीवेट पोराची मानगूट धरून डोकं भिंतीवर आपटलं, मग छातीत लाथ. हेवीवेट कठड्यासकट खाली. मांडीचं हाड बाहेर आलेलं. तो आईला हाका मारत होता. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत ही त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मला तिकडे बघवेना, म्हणून कंपनीला फोन लावला. कुणीतरी डोकं ठिकाणावर ठेवायला हवं.

१९ एप्रिल, सकाळ
कंपनीची बाई येऊन गेली. कठडा मालकाचा, दुरुस्ती मालकाची, तुमचा क्लेम बसत नाही, म्हणाली. ठरवलं, कोचशी शांतपणे बोलायचं.

तोच दिवस, संध्याकाळ
शांतपणे सुरुवात केली. कोच म्हणाला, “मी सांगत होतो, तुम्ही ऐकलं नाही.” डंबेल हातात कसं आलं कळलं नाही. त्याच्या तोंडावर घातलं. ओठ फाटला, त्याचे दोन्ही हात रक्ताने भरले. हिशेब माझा पक्का होता: जागा त्याच्या क्लासची, मारामारी त्याच्या धंद्यातली, म्हणजे मी कव्हर्ड. दुसऱ्यांदा उचललं. त्याने एकच ठोसा दिला.

२१ एप्रिल, हॉस्पिटल
जबडा तारेने बांधलाय. मेव्हणा येऊन गेला. जाणूनबुजून केलेली मारहाण कुठल्याच पॉलिसीत बसत नाही म्हणे. कोचने पोलिसांत तक्रार दिलीय. ही सूप देते.

२३ एप्रिल
हेवीवेटही इथेच अॅडमिट. व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरत आला. बँडेजमुळे मला ओळखलं नसावं. पायाला लोखंडी सळ्या लावलेल्या, तरी चौकशी आपुलकीने केली. “काका, तुम्हीपण जिन्यावरून पडलात?”
मी मान हलवली. हो म्हणून.
माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मग त्या मालकाला सोडू नका. मीही सोडणार नाही.”