छताचा नमदा

लिहून ठेवणार श्रीमती मधुमती जयंत मेटकरी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार पॉविस परगणा, मिड वेल्स. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय नाही, पण मृत्युपत्राला ते लागत नाही असं सॉलिसिटर म्हणाला. कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने लिहिते की, याआधीचं माझं कुठलंही मृत्युपत्र रद्द समजावं. मराठीत लिहिलं तरी चालतं, फक्त भाषांतराचा खर्च मुलीच्या माथी बसेल. बसू दे. शनिवारच्या मराठी शाळेत जायला रडायची, त्याची ही फी.

१. राहतं घर, मागचं शेत आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती मुलगी स्वराली हिला. अट कसलीही नाही. विकलं तरी माझा आत्मा भटकायला येणार नाही, इथल्या पावसात भटकणार तरी कुठे.

२. शेतातलं गोल तंबूघर, ज्याला इथे यर्ट म्हणतात. मध्य आशियातले भटके मेंढपाळ असल्या घरात अख्खा जन्म काढतात. लाकडी जाळीभोवती लोकरीचा जाड नमदा, आणि वर छतही नमद्याचंच. माझे वडील माण तालुक्यात घोंगड्या विणायचे. घोंगडीला सूत लागतं, माग लागतो. नमद्याला दोन्ही नाही. पिंजलेली लोकर चटईवर पसरायची, साबणाचं कढत पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळायची आणि दोरांनी ओढून मागेपुढे लोळवत राहायचं, लोकर एकजीव होईपर्यंत. स्वराली म्हणायची, "आई, बेसिकली तू जायंट पोळी लाटतेस." जयंतने क्रॉयडनची नोकरी सोडली आणि आम्ही इथे येऊन हाच धंदा केला. क्रॉयडनचं मित्रमंडळ पोट धरून हसलं. पण आमच्या तंबूंत लोकांनी हिवाळे काढले, पोरं जन्माला घातली. त्याचा मला अभिमान आहे.

आमच्या स्वतःच्या तंबूच्या भिंती अजून ठणठणीत आहेत. छत मात्र कसरीने खाल्लंय. नवं छत झालं नाही तर भिंती येत्या हिवाळ्यात कुजतील आणि सगळंच आटोपेल. छताला चार माणसं लागतात. दोघांनी ओढलं तर कडा बसतात, मधला भाग कच्चा राहतो आणि पाऊस नेमका तिथूनच येतो. आमची चार माणसं म्हणजे मी, जयंत, धाकटा दीर अंशुमन आणि शेजारीण ग्वेन. जयंत गेला. ग्वेन केअर होममध्ये आहे, मला बघून हसते, पण ओळखत नाही. अंशुमनचं खाली येतंच.

३. अंशुमन यास, शेडमधल्या काळ्या पिशवीतली लोकर. सफोक मेंढ्यांची आहे. दिसायला गुबगुबीत म्हणून याने मला न विचारता गाडी भरून आणली. त्या जातीची लोकर कितीही लोळवा, धरतच नाही. दिवसभर ओढून चटई उघडली, तर आत सगळं भुसभुशीत. ग्वेन तर रडलीच. मी म्हटलं, "अरे, हातात घेऊन तरी बघायचीस!" तर हा म्हणतो, "वहिनी, त्यापेक्षा पॉलिएस्टर घेऊ या. भिजत नाही, कुजत नाही आणि घामही मागत नाही." पुढे आमचीच गिऱ्हाइकं घेऊन वेगळा झाला. हल्ली पॉलिएस्टरचे तंबू 'अस्सल भटक्यांची घरं' म्हणून विकतो. पिशवी त्याने दिवाणखान्यात ठेवावी.

४. वडिलांची लोकर पिंजायची धनुकली स्वरालीला. भिंतीवर टांगलीस तरी चालेल. तिची तात, म्हणजे दोरी, सैल करून टांग, नाहीतर लाकूड वाकतं.

५. पिंजायचं यंत्र जावई रवी यांना. तुम्ही ते मार्केटप्लेसवर टाकणार हे मला ठाऊक आहे. फोटो तरी धूळ पुसून काढा हो.

६. छतासाठी धुऊन, पिंजून ठेवलेली लोकर. हे कलम आधी वेगळं होतं. स्वराली, रवी, नातू आरव आणि मी, अशी चार माणसं मी मनात धरली होती. डॉक्टर मला जूनच्या पुढचं काही सांगत नाहीत. हे स्वरालीला कळवलेलं नाही. कळवलं असतं तर धावत आली असती, पण माझ्यासाठी. मला ती नमद्यासाठी यायला हवी होती. ईस्टरला यायचं ठरलं, जमलं नाही. मग मे महिन्याचा बँक हॉलिडे ठरला. आज सकाळी फोन आला.

"आई, सो सॉरी, आरवचा टूर्नामेंट आहे. ऑगस्टमध्ये नक्की. तुझा लोकर कुठे पळून जातोय का?"

"नाही गं, लोकर कुठे पळते," मी म्हटलं.

मला फार वाईट वाटलं. राग नाही, नुसतं वाईट. मी गेल्यावर हे कोणी लाटणार नाही, हे मला आधीही ठाऊक होतं. तरी वाट बघितली, काय करणार.

पिंजलेली लोकर ठेवली तर तिलाही कसर लागणार. म्हणून शेजारचा शेतकरी एमीर याला ती बटाट्याच्या सरींवर आच्छादन म्हणून पसरायला दिली आहे, तिथे कुजून खत तरी होईल. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं सॉलिसिटरने बजावलंय, आणि मला साक्षीला दुसरं कोणी नाही. तेव्हा ही लोकर मृत्युपत्राने देत नाही, आजच हातोहात देते. एमीर आणि त्याची बायको ट्रेलर घेऊन आलेत. त्याने मला पुन्हापुन्हा विचारलं, "आर यू शुअर, मिसेस मेटकरी?" मी दोघांना चहा दिला.

७. माझं दहन करावं. तेराव्याचं जेवण वगैरे काही नको.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे. म्हणजे कलम सहा सोडून.

स्वराली, ट्रेलर भरून झालाय. आता घाईने यायचं काही कारण उरलं नाही. ऑगस्टमध्येच ये.

मधुमती जयंत मेटकरी
(सही)

(मूळ इंग्रजीत) बाईंनी आमच्या दोघांच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत. आत काय लिहिलंय ते आम्हाला वाचता येत नाही.

साक्षीदार: १. एमीर प्रोसर, शेतकरी (सही)
२. नेरिस प्रोसर (सही)

पॉविस, दिनांक २ मे २०२५