हौसाची वाटी

श्रीरामपूर,
ता. १६ जुलै २०२५

चि. जालिंदर यास,
बनाअक्काचा जयभीम आणि पाठीवरून हात.

सम्राटची कंबर कशी आहे? टेम्पो चालवून पोराच्या हाडांचा भुगा झाला असेल. तुझ्या सुनेची, दीपाची, अर्धशिशी थांबली का? नातीला, सायलीला, बारावीचा अभ्यास झेपतो ना? शेळी व्यायली का? आमच्याकडे कल्याण आणि सूनबाई बरी आहेत. माझे गुडघे माझ्याआधी बोलतात, बाकी ठीक.

आता तू. फोनवर तू नुसता हां हां करतोस, आणि सम्राट फोन सगळ्या घराला ऐकू जाईल असा ठेवतो. म्हणून हे कागदावर. दुकानांच्या पाट्या वाचत तू स्वतः शिकलास आणि मग मला शिकवलंस. ती अक्षरं आज तुझ्यावरच उलटतायत, काय करणार.

मागच्या महिन्यात तुझ्या हौसाच्या पहिल्या पुण्यस्मरणाला मी आले होते. तू माझ्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होतास आणि मी मान फिरवली. तुला कळलं नसेल, पण माझ्या मनातून ते जात नाही. जालिंदर, तुझ्या तोंडाला वास येतो. थोडाथोडका नाही, लई येतो. लहानपणी तुझं नाक मी पदराने पुसलंय, तेव्हा मी नाही सांगायचं तर कोणी? दीपा माझ्यापाशी एका शब्दाने बोलली नाही, तिच्यावर डाफरू नकोस. पण तुझं ताट ठेवून ती लगेच मागे सरते, ते मी पाहिलं.

राग आला तर पत्रातच काढ. पण उत्तर धाड.

तुझी,
बनाअक्का


जामखेड,
ता. २५ जुलै

आ. अक्कास,
जालिंदरचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. राग आला नाही. हल्ली काहीच येत नाही.

सगळे बरे आहेत. शेळीला दोन पिल्लं झाली.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी कानाशी तेच सांगत होतो. यंदा विहारातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन माझ्याकडे नाही. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने, रोज संध्याकाळी, इतकी वर्षं मीच वाचत आलो. यंदा कमिटीतली माणसं घरी आली, चहा घेतला, आणि म्हणाली की आबा, वहिनी गेल्या, तुम्ही थकलात, या खेपेला आराम करा. मोबाईलच्या दुकानातला योगेश वाचतो. मी बरं म्हणालो. मला वाटलं, डोळे गेले म्हणून, नाहीतर आवाज बसला म्हणून. तुझं पत्र वाचलं आणि मागच्या सालच्या वाचनात शेवटी शेवटी पुढची सतरंजी रिकामी का राहायची ते कळलं. सायली अभ्यासाला शेजारी का जाते, तेही.

मला वास येत नाही, अक्का. हौसा गेल्यापासून कालवणाचाही येत नाही. पुढ्यात येतं ते जेवतो. तुझं पत्र आल्यापासून लवंग चघळतो. फरक काय पडला ते कोणाला विचारू?

उत्तराची घाई नाही.

तुझा,
जालिंदर


श्रीरामपूर,
ता. २ ऑगस्ट

चि. जालिंदर यास,
अक्काचा जयभीम आणि एक हलकी चापट.

घाई नाही कशी? पिल्लांची बातमी एका ओळीत उरकलीस. पाटी आहेत का बोकड, तेही नाही.

चुलीपुढच्या बाईला धुराचा वास येत नाही, तसं हे आहे. आपलं नाक आपल्याला सामील असतं. मनगट जिभेने चाट, वाळू दे, मग हुंग. नाहीच कळलं तर सम्राटला विचार, बाप आहेस त्याचा. आणि लवंग-बडीशेपेने काही होत नाही. उकिरड्यावर अत्तर शिंपडल्यासारखं ते. आत काय कुजतंय ते पाहायला हवं. आमच्या शेजारच्या आसारामला असाच वास यायचा, तर दाढ आतून सडलेली निघाली. कोणाला हिरडीचं असतं, कोणाला पोटाचं, साखरेचं. तुझं काय ते दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावरच कळेल.

आणि एक खरं सांग. तू कवळी काढतोस का? हौसा रोज निजताना वाटीत पाणी घेऊन तुझ्या मागे लागायची. मी तिकडे राहायला आले की गंमत पाहायची. तू मोठ्या तोऱ्यात भिंतीकडे तोंड करून दात वाटीत सोडायचास, जशी काही नव्या नवरीने नथ उतरवली. आता कोण लागतं तुझ्या मागे?

वाचन गेलं त्याचं मला जास्त लागलं, तुला नसेल लागलं तरी. तेवढ्यासाठी तरी डॉक्टरकडे जा. जाऊन आल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस, आणि पत्र लवकर लिही.

तुझी,
बनाअक्का


जामखेड,
ता. १९ ऑगस्ट

आ. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

पिल्लं दोन्ही पाटी आहेत, बोकड एकही नाही.

जाऊन आलो. सम्राट कामावरची खेप सोडून बरोबर आला. डॉक्टर म्हणजे सायलीहून थोडी मोठी पोरगी. तिने कवळी ओढली तर सुटेना. सुटली तेव्हा माझ्यासमोर ताटलीत ठेवली. आतल्या बाजूने पिवळा-हिरवा थर होता. तिथे मला पहिल्यांदा वास आला. सम्राटने खिडकीकडे पाहिलं. इतके महिने ही माणसं एका घरात माझ्याबरोबर कशी राहिली, ते मला कळत नाही.

खालची हिरडी लाल, जागोजागी सोललेली. मला दुखत नव्हतं. जिभेवरही जाड साय. तिने साखर तपासायला लावली, ती नीट आहे. ती म्हणाली, पाणी पीत नाही, दिवसभर बोलत नाही, त्याने तोंड कोरडं पडतं आणि घाण वाढते. हिरडीला औषध दिलं. रोज जीभ खरवडायची, हिरडी मऊ फडक्याने पुसायची, कवळी ब्रशने साबणाच्या पाण्यात घासायची, आणि रात्री पाण्यात ठेवायची, तोंडात नाही. शेवटी तिने विचारलं की बाबा, वर्षभर काढली का नाही? सम्राटसमोर काय सांगणार.

तुला सांगतो. वाटी हौसा पुढे करायची, मी त्यात दात ठेवायचो. ती गेली, वाटी आली नाही. वाटी आली नाही म्हणून काढले नाहीत. एवढंच आहे. माझं बिनदाताचं तोंड तिच्याशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं.

ती वाटी आता स्वयंपाकघरात चटणीला आहे. मागायला जीभ उचलली नाही. डॉक्टरने प्लॅस्टिकची डबी दिली आहे, तीत ठेवतो.

तुझा,
जालिंदर


जामखेड,
ता. ९ ऑक्टोबर

आ. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू मला पत्र धाडलंस ते पोचलं, आणि दीपाला वेगळं धाडलंस तेही पोचलं. तिला काय लिहिलंस ते तिने मला सांगितलं नाही. त्या दिवशी जेवणं झाल्यावर वाटी राखेने घासून, पाणी भरून तिने माझ्या उशापाशी आणून ठेवली आणि पिल्लांना पाला आहे का, एवढं विचारून गेली. मी आहे म्हणालो.

हिरडी भरून आली. परवा अश्विन पौर्णिमेला वाचनाची समाप्ती झाली. योगेश घरी येऊन म्हणाला, शेवटची पानं आबांनीच वाचायची. मी वाचली. पुढची सतरंजी भरली होती आणि सायली माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. आवाज मात्र बसला नव्हता.

घरी येऊन कवळी वाटीत सोडली. हौसा वाटीवर बशी झाकायची आणि म्हणायची, झोपा आता, उरलेलं उद्या बोला. परवा बशी मी झाकली, आणि तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं. बिनदाताचं, अर्धंमुर्धं. कोणाला म्हणालो ते माहीत नाही. पलीकडच्या खोलीतून सायली म्हणाली, हो आबा, एवढं पान संपलं की झोपते.

मग मी माझ्या खोलीतला दिवा मालवला.

सकाळी दीपाने लसणाची फोडणी दिली, ती मला बाहेरच्या ओट्यावर वासावरून कळली.

तुझे गुडघे कसे आहेत ते या खेपेला नीट लिही. लवकर लिही, वाट पाहतो.

तुझा,
जालिंदर