भीमपलासातली चिमणी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
आज 'सूरसंगत' ग्रुपवर ॲडमिन राजपाल सरांचा मेसेज. 'आत्ता ऐकतोय मारवा. कोमल ऋषभाने काळजाला हात घातला.' वेळ ६.०२. मारवा हा संध्याकाळचा राग आहे. मी कालच इंटरनेटवर वाचलं. मग सकाळी सहाला कसा? सर ऐकत नाहीत, नुसतं लिहितात. संशय पक्का.
ग्रुपमध्ये वाशीम जिल्ह्यातले आम्ही तेरा रसिक. नियम एकच, सध्या काय ऐकतो ते रोज लिहायचं. मालेगावातून मी एकटा. एकतीस वर्षं जमीन मोजणीत काढली. बांध चार बोटं सरकला तरी माझ्या नजरेतून सुटला नाही. सरांचा तर चांगला फूटभर सरकलाय.
ठराव: उद्यापासून रोज एक तास प्रत्यक्ष ऐकणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
भीमपलास. जुनं रेकॉर्डिंग, अठ्ठेचाळीस मिनिटं. तीन मिनिटं अगदी मन लावून ऐकलं. मग सिलिंडर आलं. जाणकाराला सुरुवातीवरून पुढचं कळतं.
ग्रुपवर लिहिलं, 'बाविसाव्या मिनिटाला गायक क्षणभर थांबतात. त्या शांततेत दूर कुठेतरी एक चिमणी बोलते. ती चिमणी ज्याने ऐकली, त्याने भीमपलास ऐकला.'
अकरा अंगठे. सरांच्या मारव्याला सहाच होते.
चिमणीचं म्हणाल तर, असणारच. त्या काळी चिमण्या भरपूर होत्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
ठरावाची अंमलबजावणी सोमवारपासून. मधूनच सुरू करण्यात शिस्त नाही.
ग्रुपवर नवीन मेंबर. नाव भागिरथा. फोटोच्या जागी झेंडूचं फूल. आल्या आल्या मलाच प्रश्न, 'नरेंद्रभाऊ, चिमणी कोन्त्या रेकॉर्डिंगमंदी आहे? मले सापडून नाही राह्यली.'
बाकी बारा जणांना काही विचारलं नाही. फक्त मला. का?
उत्तर दिलं, 'शांत मनाने ऐका.' यात सगळं येतं.

९ नोव्हेंबर, रविवार
भागिरथाचा पुन्हा मेसेज. शांत मनाने चार वेळा ऐकलं म्हणे. बाविसाव्या मिनिटाला तबला आहे, चिमणी नाही.
आता चित्र स्पष्ट आहे. भागिरथा नावाची बाई अस्तित्वात नाही. सरांनी दुसरं सिमकार्ड घेतलंय. मला उघडं पाडायचा डाव. वऱ्हाडी मुद्दाम लिहितात, ओळखू येऊ नये म्हणून.
बायकोला, नीलिमाला, सांगितलं. ती पालक निवडत होती. म्हणाली, "तिले सरळ फोन काहून नाही लावत?"
बायकांना तपासाची पद्धत माहीत नसते.

१० नोव्हेंबर, सोमवार
फोन लावला. तीनदा. उचलला नाही. म्हणजे नक्की सर.
मग सरांना फोन करून सहज विचारलं, या भागिरथाताई कोण? सर हसले. म्हणाले, मानोऱ्याच्या पुढे, पोहरादेवीच्या रस्त्याला त्यांचं गाव आहे, खऱ्या ऐकणाऱ्या आहेत. गावाचं नावही सांगितलं.
'खऱ्या' या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला. मी ऐकला.
ठराव: जागेवर जाऊन पाहणी.
(एक तास ऐकणे: आज फोन करण्यात वेळ गेला.)

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १२.४०, मानोरा बसस्टँड
सकाळी सातला निघालो. वाशीम, मंगरूळपीर, दोनदा बस बदलली. बसमध्ये भीमपलास ऐकणार होतो. इअरफोन घरी.
योजना अशी. गावात विचारायचं, भागिरथा कोण? लोक म्हणतील, अशी कोणी नाही. तिथूनच फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. खाली एकच ओळ लिहायची, 'सर, चिमणी सापडली.'

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.१५, परतीची बस
भागिरथा आहे.
पन्नाशीच्या पुढची बाई. कापूस वेचून नुकतीच आली होती. सकाळी वावरात जाताना फोन घरी ठेवते, नवऱ्याच्या उशाशी. म्हणून उचलला नाही. मी नाव सांगितलं तर तिने आधी हात धुतले, मग पाणी दिलं, आणि आत वळून म्हणाली, "आवं, चिमणीवाले भाऊ आले!"
आत खाटेवर तिचा नवरा, इंद्रभान. मार्चमध्ये लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आधी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात, गायन पार्टीत हार्मोनियम वाजवायचा. राजपाल सरांच्या शाळेच्या गॅदरिंगलाही तोच. पेटी कोपऱ्यात, चादरीखाली.
भागिरथा म्हणाली, डॉक्टरनं सांगितलं यायले गानं ऐकवत जा. पन मले काय समजते? सर ग्रुपमंदी घेऊन, आधीचं लिहिलेलंबी पाठवून म्हणाले, रोज वाचा अन् थे लावा. बाकीचे लोक मोठेमोठे शब्द लिहितात. तुमीच एकटे कुठं काय ऐकाचं थे मिनिटासकट लिहिता. म्हणून आमी तुमचंच लावतो.
मग तिने भीमपलास लावला. मी सुरुवातीची तीन मिनिटं ओळखली. पुढे सगळं नवीन. इंद्रभान डोळे छताकडे लावून पडून होता, डावी बोटं चादरीवर हलत होती, पेटीवर हलावीत तशी. बाविसावं मिनिट आलं. त्याने एक बोट वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं.
"रोज असंच करतात," भागिरथा म्हणाली. "बोटानंच इचारतात, कुठी आहे. पंधरा खेपा ऐकलं भाऊ. आमच्या मोबाईलचा आवाज कमी असन."
मी म्हटलं, ही प्रिंट वेगळी. चिमणीवाली प्रिंट माझ्या घरी आहे. पाठवतो.
खोटं बोललो असं नाही. प्रिंट अजून तयार नाही, इतकंच.
फोटो काढला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नीलिमाला सगळं सांगितलं. म्हणजे परिस्थिती मी कशी सांभाळली ते. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्या मानसाले एक तं चिमणी ऐकवा, नाही तं खरं सांगा."
खरं सांगण्याचा मेसेज लिहिला. चार वेळा. पहिला फार लांब, दुसऱ्यात शुद्धलेखनाच्या चुका, तिसरा भावुक. चौथा बरा होता. पण नेटवर्क नव्हतं, मग पुसला. (नीलिमा म्हणते नेटवर्क होतं.)

१५ नोव्हेंबर, शनिवार
दोन दिवस इंटरनेटवर चिमणी असलेला भीमपलास शोधला. एकात कोणीतरी खोकतं. एकात लांबून ट्रकचा हॉर्न. चिमणी कुठेच नाही. जुने लोक दारं-खिडक्या फारच गच्च लावून गायचे.
ठराव: प्रिंट आपणच तयार करणे. नीलिमाच्या फोनवर भीमपलास, माझ्या फोनवर रेकॉर्डिंग, गच्चीवर ज्वारी. शास्त्रीय पद्धत.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी प्रयत्न. कबुतरं आली. बाराव्या मिनिटाला खालून नीलिमाने विचारलं, डाळ कोणती टाकू. रेकॉर्डिंग बाद.
दुपारी पुन्हा. चटई, उशी, कोवळं ऊन, ज्वारीची वाटी. नीलिमाला तासभर बोलायची बंदी. या खेपेला काम फत्ते. डोळे मिटून एकाग्रतेने संपूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटं ऐकलं. आयुष्यात प्रथमच इतका भीमपलास ऐकला. मन अगदी ताजंतवानं झालं.
डोळे उघडले तर वाटीतली ज्वारी साफ. म्हणजे चिमण्या येऊन गेल्या. याहून मोठा पुरावा काय हवा? पुन्हा ऐकून तपासायची गरज वाटली नाही. लगेच भागिरथाबाईंना पाठवलं. सोबत ओळ, 'बाविसाव्या मिनिटाच्या आसपास. इंद्रभानभाऊंना नक्की ऐकवा.'
नीलिमाने विचारलं, ऐकून पाहिलं का? हो म्हटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
भागिरथाबाईंचं उत्तर नाही. दोन निळ्या खुणा आहेत. म्हणजे ऐकलं.
उत्तर का नाही? सरांना पाठवलं असेल का? सर आज ग्रुपवर गप्प आहेत. सकाळचा मारवा नाही. एवढी शांतता बरी नाही.
संध्याकाळी पाचला पाहिलं. काही नाही. साडेपाचला पाहिलं. काही नाही. नीलिमा म्हणाली, फोन ठेवा अन् चहा घ्या. चहा निवला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ९.३०
भागिरथाबाईंचा आवाजातला मेसेज आला. स्पीकरवर लागला, नीलिमा शेजारीच. जसाच्या तसा लिहितो.
"भाऊ, परवा रातीच ऐकलं, पन काल दिवसभर आमच्याकडं लाइन नव्हती, मोबाईल बंद पडला, म्हणून बोलली नाही. चिमणी काही सापडली नाही जी. दहाव्या मिनिटापासून कोनीतरी घोरून राह्यलं. आधी मले वाटलं तानपुरा आहे. यायनं बाविसाव्या मिनिटाले बोट वर केलं, अन् तिकडून असा जोरात आवाज आला की हे हसले, भाऊ. अर्ध्याच तोंडानं, पन आवाज करून हसले. मार्चपासून या घरात कोनी हसलं नव्हतं. मी तं रडलीच. तवापासून पाच खेपा लावाले लावलं. दुसरं काही ऐकतच नाहीत."
मी लगेच टाइप करायला घेतलं की तो आवाज तांत्रिक बिघाडाचा असू शकतो. नीलिमाने फोन हातातून काढून घेतला.

सकाळी ११.००
फोन परत मिळाला. दरम्यान भागिरथाबाईंनी ग्रुपवर नियमाप्रमाणे लिहिलंय, 'आमच्या घरी सध्या ऐकून राह्यलो: नरेंद्रभाऊचं घोरनं. अठ्ठेचाळीस मिनिटं.'
बारा अंगठे. आजवरचे सगळ्यात जास्त. सरांनी लिहिलं, 'वा! विलंबित लय!'
नीलिमा म्हणते, ती हे अठ्ठावीस वर्षांपासून रोज ऐकून राह्यली, तिले कोनी ग्रुपमंदी नाही घेतलं.