पलंग, अनामत आणि ताईचा कॉम्प्युटर

ता. ६ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., वि. वि.

फोनवर तू बोललेलं मला धड ऐकू येत नाही, आणि तू आवाज चढवलास की मला वाटतं रागावलास. म्हणून आपलं पत्रच बरं.

आमच्या रुग्णसाहित्य केंद्राचा हिशेब माझ्या गळ्यात पडला आहे. आजवर तो वह्यांत लिहिणाऱ्या मास्तरांच्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही. आमचे अध्यक्ष, म्हणजे डॉक्टर, कुठूनसा कॉम्प्युटर घेऊन आले, त्यात हिशेबाचा प्रोग्रॅम घातला आणि मला खुर्चीत बसवून मोकळे झाले. ऑगस्टच्या सभेत हिशेब मांडता आला नाही, तर केंद्राला कुलूप लावावं, असं समितीतल्या दोघांनी बोलून दाखवलं आहे. म्हणजे आजारी माणसाच्या घरी पलंग, चाकाची खुर्ची, काठी पोचवणारं गावात कुणी उरणार नाही.

तो प्रोग्रॅम सुरुवातीलाच विचारतो की खाती कोणती हवीत. मी झाडूपासून शाईपर्यंत सगळ्यांची खाती उघडली, मग काहीतरी दाबलं गेलं आणि सगळं गडप झालं. बाबांच्या सायकलच्या दुकानातली तार आठवते का रे? आठवडाभराच्या चिठ्ठ्या तिला टोचलेल्या असायच्या. रविवारी तू एकेक काढून आकडे वाचायचास आणि मी बेरीज करायचे. चिठ्ठ्यांना ग्रीसचा वास यायचा. इथे कशालाच वास नाही, म्हणून मला काही सुचत नाही.

उत्तर लवकर टाक. पाठीवर धपाटा घालायला मी जवळ नाही, तेव्हा तो घातला असं समज.
तुझी ताई


ता. १३ जून

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

धपाटा पोचला. गडप काही झालेलं नाही, तू नुसती खिडकी बंद केलीस. प्रोग्रॅम पुन्हा उघड, सगळं जागेवर असेल. पण झाडूचं खातं काढून टाक. देणगी, भाडं, वीज, दुरुस्ती, किरकोळ, एवढी पुरेत. ज्या दिवशीचा खर्च त्याच दिवशी लिही. महिना संपला की बँकेच्या पासबुकाशी ताडून बघ, आणि सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेव. विसरणार नाहीस ना?

तारेचं वाचलं आणि ग्रीसचा वास मलाही आठवला. ताई, जन्मभर मी कंपन्यांचे हिशेब तपासले, पण आमच्या घराचा हिशेब कधी पाहिला नाही. ही कॅलेंडरच्या मागे दूधवाल्याचं, इस्त्रीवाल्याचं लिहून ठेवायची आणि मी तिला हसायचो. ती गेल्यावर दूधवाला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याला किती द्यायचे तेही मला ठाऊक नव्हतं. त्यानेच मला समजावून सांगितलं.

मास्तरांना नमस्कार सांग. तुझी माया आहेच, ती कमी करू नकोस.
धाकटा


ता. २ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., वि. वि.

जमलं! रोज दुपारी दोन बोटांनी बडवत बसते. मास्तर शेजारी बसून जुन्या वह्यांतलं तोंडपाठ सांगतात आणि मी मागचं वर्षसुद्धा भरलं. शिल्लक इतकी निघाली की डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. इतकी वर्षं आपण उगाच काटकसर केली म्हणाले, आणि लगेच नव्या पलंगांचा भाव विचारायला माणूस पाठवला. मला पेढीवर बसलेल्या शेठाणीसारखं वाटतंय. हसू नकोस.

खुशाली कळव आणि वेळेवर जेव.
तुझी ताई


ता. ८ जुलै

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

शेठाणीबाई, आधी डॉक्टरांना थांबव. पलंग नेताना लोक जी अनामत ठेवतात, ती तू देणगीत धरलीस ना? ते पैसे केंद्राचे नाहीत, लोकांचे आहेत. वस्तू परत आली की ते परत द्यायचे असतात. 'अनामत' असं वेगळं खातं देण्यांच्या बाजूला उघड आणि एकेका माणसाच्या नावाने रक्कम तिकडे ने. शिल्लक एकदम खाली येईल, घाबरू नकोस. खरी तेवढीच आहे.

ज्यांनी वस्तू परत केली पण अनामत नेली नाही, त्यांना पत्र घालून विचार. त्यांनी लिहून दिलं तरच ती देणगी.

रागावली नसशील अशी आशा आहे.
धाकटा


ता. २० ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., वि. वि.

सभा पार पडली. डॉक्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते, पण सभेत त्यांनीच उठून अनामतीचं सगळ्यांना समजावलं, जणू त्यांनाच सुचलं होतं. कुलपाचं नाव कुणी काढलं नाही.

पत्रं घातली, तर लोक स्वतःच आले. एक बाई वडिलांची चाकाची खुर्ची बघायला मिळेल का म्हणाल्या. ती नेमकी त्या दिवशी केंद्रात होती. त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला, वडील त्या हातावर बोटांनी ताल धरायचे ते सांगितलं, हसल्या, रडल्या. अनामत न्यायला आल्या होत्या, ती नेलीही. मला त्याचं बरं वाटलं.

आता जे लिहायचं आहे ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बाहेर गेलेल्या वस्तूंच्या यादीत तुझंही नाव आहे. वहिनीसाठी टेम्पोने पाठवलेला पलंग अजून तुझ्याकडे आहे. दोन वर्षं मी विचारलं नाही, आजही विचारलं नसतं. पण आमच्या इलेक्ट्रिशियनची आई पडली, कमरेचं हाड मोडलं. ती जमिनीवर गादीवर आहे, आणि तिला उठवता बसवता त्या पोराची बायको मेटाकुटीला आली आहे. केंद्रात एकही पलंग शिल्लक नाही. बघते, एवढंच मी त्याला म्हटलं आहे. तुला नाही जमलं तर नाही म्हण, माझ्या मनात काही येणार नाही.

जिवाला जप रे.
तुझी ताई


ता. २९ ऑगस्ट

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र टेम्पोवाल्याच्या हातात देतो आहे. पलंग त्याच्याबरोबर आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर चिडलो. त्या खोलीचं दार मी ओढूनच घेतलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर पलंगाचं डोकं अजून वर उचललेलंच होतं. हिला खिडकीतून रस्ता दिसावा म्हणून मी ते तसं ठेवायचो. शाळा सुटली की ती पोरांची दप्तरं बघून कोण कुणाच्या घरचं ते ओळखायची आणि चुकली तरी कबूल करायची नाही. मी हँडल फिरवून डोकं खाली आणलं. तेवढंच अवघड होतं. बाकी नटबोल्ट मी एकट्याने सोडवले. बाबांचाच मुलगा ना.

एक चाक करकरायचं, त्याला तेल दिलं आहे. अनामत परत पाठवू नकोस. ती देणगीत घे, तसं या पत्रात लिहून देतो आहे. पावतीवर नाव मात्र हिचं घाल.

काल सकाळी त्या रिकाम्या जागी खुर्ची टाकून चहा घेतला. ही गेल्यापासून मी त्या खोलीत बसलोच नव्हतो. खोली मोठी आहे, ऊनही चांगलं येतं. तू आठ-पंधरा दिवस राहायला ये. मी भिंतींना रंग काढायचा म्हणतो आहे, आणि कोणता ते मला एकट्याला ठरवता येत नाही.

वाट बघतो.
तुझा धाकटा